आत्याबाईंचं इंजिन

२ फेब्रुवारी

मिस्त्री म्हणतो, इंजिन गेलं. गेलं म्हणजे चालतंय अजून, पण त्याच्या मते गेलं. त्याने आत्याबाईंचं बॉनेट उघडलं, गाडी चालू केली, एक्सिलरेटर दाबून सोडला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आता रुमाल काढणार. "ऐकलंत साहेब? आतून ठोका येतोय."

मी कान दिला. इंजिन नेहमीसारखं चाललं होतं. उलट हल्ली फारच शांत झालंय, आणि तसं मी म्हणालो. मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं, बायकोने मिस्त्रीकडे. हे पाहणं मी लक्षात ठेवलं आहे.

आत्याबाई म्हणजे आमची कॅम्पर व्हॅन. नाव मेहुण्याने ठेवलं. मोठ्या अंगाची, सतत कौतुक मागणारी आणि एकदा येऊन बसली की हलायचं नाव नाही. आतला पलंग, ओटा, पाण्याची टाकी हे सगळं मी सुटीच्या दिवशी स्वतःच्या हाताने बसवलं आहे. पडदे बायकोचे. मार्चअखेर मी विमा कंपनीतून निवृत्त होतो आणि त्यानंतर आम्ही दोघं निघणार, किनाऱ्याकिनाऱ्याने वर, जमेल तितके महिने. मुलगी शाळेत होती तेव्हापासून बायकोला मी 'पुढच्या वर्षी' म्हणत आलोय. आता ते पुढचं वर्ष आलं, तर नेमका आत्ताच मिस्त्रीला ठोका ऐकू येतोय.

नोकरीभर मी अपघाताचे दावे तपासले. न दिसणारी दुखापत सगळ्यात महाग पडते. "मान दुखते साहेब." कुठे? "आतून." हाही आतूनच म्हणाला.

५ फेब्रुवारी

बायकोलाही ठोका ऐकू येतो. जिने लायसन्स काढून कपाटात घडी करून ठेवलं, जिला क्लच कुठला हे विचारावं लागायचं, ती आज जेवताना बेअरिंगवर बोलली. हे शब्द तिला कुणी शिकवले?

"तुला खरंच नाही येत ऐकू?" तिने विचारलं. चेहरा काळजीचा. जरा जास्तच काळजीचा. दावेदारांच्या नातेवाइकांचा असतो तसा.

९ फेब्रुवारी

शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही अशा एका गॅरेजात आत्याबाईंना घेऊन गेलो. मिस्त्रीला पत्ता लागू दिला नाही. काय होतंय तेही सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, बघून घ्या. हा माणूस तर बॉनेटपर्यंतही पोहोचला नाही. मी गाडी आत घेत होतो तेव्हाच हातातला चहा खाली ठेवून त्याने तोंड वेडंवाकडं केलं. म्हणाला, आधी बंद करा, बेअरिंग वाजतंय, असंच चालवलंत तर रस्त्यात मध्येच जाम होईल.

म्हणजे यांचं एकमेकांत सगळं ठरलेलं असतं. डॉक्टर एकमेकांविरुद्ध साक्ष देत नाहीत, तसेच हे.

१० फेब्रुवारी

पुरावा हवा. फोन इंजिनापाशी धरून आवाज टिपून घेतला. घरी येऊन अभ्यासिकेचं दार लावलं, आवाज पूर्ण मोठा केला आणि फोन कानाला लावून तीनदा ऐकला. नुसती घरघर. ठोकाबिका काही नाही. म्हटलं, झालं, पकडला.

तेवढ्यात बायको दार उघडून आत. हातात लाटणं. हा कसला खडखडाट चाललाय, म्हणाली.

आता प्रश्न असा की फोन माझ्या कानाला, दार बंद, आणि हिला स्वयंपाकघरात खडखडाट कसा ऐकू आला? उत्तर एकच. ती दाराशी कान लावून उभी होती.

१४ फेब्रुवारी

घरातलं वातावरण बदललं आहे. बायको फोनवर इतकं हळू बोलते की शेजारी बसून मला एक अक्षर कळत नाही. मी पाहिलं की ओठ हलायचे थांबतात. मेहुणा येतो, दोघं ओट्यापाशी उभी राहून पुटपुटतात. ऑफिसात नवीन आलेली मुलंही पुटपुटतात. पण त्यांचं मी समजू शकतो, त्यांना काही येत नसतं. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईसुद्धा आता तोंडातल्या तोंडात बोलतात. आवाज वाढवला की बायको येऊन कमी करते.

कुरिअरवाल्याने दुसऱ्यांदा पाकीट परत नेलं. म्हणे बेल वाजवली, कुणी दार उघडलं नाही. मी दिवसभर दाराजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होतो. तक्रार केली आहे.

१७ फेब्रुवारी

मिस्त्रीने दुसरं इंजिन सुचवलं. मागून चेपलेल्या एका व्हॅनचं आहे, पुढचं सगळं शाबूत. आत्याबाईंच्या इंजिनाचे सुटे भाग आता मिळत नाहीत, म्हणून हेच उतरवून बांधायचं तर भागांसाठी वाट बघण्यात वर्ष जाईल. दुसरं इंजिन बसवायचं तर ब्रॅकेट थोडे बदलावे लागतील, गिअरबॉक्स जुळतो. बाकी सांगाडा ठणठणीत आहे, म्हणाला. "नसता तर मीच सरळ भंगारात द्या म्हणालो असतो."

हे शेवटचं वाक्य मी ओळखतो. खोटं बोलणारा माणूस मध्येच स्वतःच्या नुकसानीचं एखादं वाक्य घालतो.

भंगाराच्या वखारीत जाऊन इंजिन पाहून आलो. टायरवर ठेवलं होतं, वर पोतं पांघरलेलं. नंबर खरवडलेला नाही ना हे टॉर्च लावून पाहिलं. तेल काढून बोटांत चोळून पाहिलं. दोष सापडला नाही. दोष न सापडणं हा माझ्या धंद्यात सगळ्यात मोठा दोष.

आणि समजा इंजिन बदललं, तर ती आत्याबाई राहिली का? हा प्रश्न मी बायकोला विचारला. ती म्हणाली, माणसाचे गुडघे बदलतात तेव्हा हे कुणी विचारत नाही. उत्तर तयार होतं तिच्याकडे. पाठ केल्यासारखं.

२० फेब्रुवारी

महत्त्वाचं. आत्याबाई आमच्या गल्लीत मावत नाहीत, त्यामुळे त्या मिस्त्रीच्या आवारात उभ्या असतात. आज सहज मीटर पाहिला. आकडा वाढलाय. आणि ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली. माझे गुडघे स्टिअरिंगला लागले.

कुणीतरी बुटकं माणूस माझी गाडी चालवतंय. मिस्त्री माझ्याहून उंच आहे. म्हणजे त्याने गाडी तिसऱ्याला दिली आहे, भाड्याने. वर मलाच सांगतो, फार चालवू नका.

त्याला काही बोललो नाही. आरोपीला सावध करायचं नसतं.

२३ फेब्रुवारी

बायको गेले काही महिने आठवड्यातून दोनदा पोहायला जाते. आज तिच्या पिशवीत हात घातला (चाव्या शोधत होतो). टॉवेल कोरडा, इस्त्रीची घडी तशीच.

शिवाय मिस्त्री तिला आधी 'मॅडम' म्हणायचा. परवा 'ताई' म्हणाला. मॅडमची ताई होण्यात मध्ये बराच प्रवास असतो. तो कधी झाला?

वाईट विचार एक क्षण मनात आला, पण टिकला नाही. मिस्त्रीचं लक्ष इंजिनाबाहेर जात नाही, आणि तिला डिझेलच्या वासाने मळमळतं. शिवाय अशा भानगडीतली माणसं ताई म्हणत नाहीत. मग उरतं काय? गाडी. दोघं मिळून माझ्याकडून इंजिन बदलून घेणार आणि मग ती विकणार. किंवा मला इतका कंटाळा आणणार की मीच विकेन.

१ मार्च

बायकोला घेऊन हायवेपर्यंत जाऊन आलो, आत्याबाई व्यवस्थित आहेत हे तिला दाखवायला. जाताना ती काहीतरी बोलत होती, मी अधूनमधून 'हं' म्हणत होतो. मी लेन बदलली आणि तितक्यात मागून एक ट्रक अक्षरशः आमच्या अंगाला घासून पुढे गेला. हॉर्न नाही, काही नाही. पुढे थांबवून ड्रायव्हर खाली उतरला आणि हातवारे करत ओरडायला लागला. वर म्हणतो काय, कधीचा हॉर्न देतोय. मी त्याला शांतपणे कायदा सांगितला. लोक जमले तेही त्याच्याच बाजूने. ट्रकवाल्यांची एकी.

परत येताना बायको सारखी मागे वळून पाहत होती. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. गॅरेजपाशी उतरली आणि म्हणाली, "अहो, मी रिक्षाने जाते."

ती मला चारचौघांत 'अहो' म्हणते आणि आम्ही दोघंच असलो की 'अरे'. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

४ मार्च

बायकोने जाहीर केलं की मी चालवत असेन तर ती आत्याबाईंमध्ये बसणार नाही. इंजिन जुनं असो की नवं. मग इंजिन बदलायचं कशाला, असं मी विचारलं. त्याचं उत्तर तिने खिडकीकडे तोंड करून दिलं, म्हणजे दिलंच नाही असं धरून चालतो.

इतकी वर्षं मी जिला 'पुढच्या वर्षी' म्हटलं, तीच आता येत नाही म्हणते. एकट्याने किनाऱ्याने जाऊन करायचं काय? समुद्र एकदा पाहिला की झालं. दुसऱ्यांदा तो कुणालातरी दाखवायला लागतो.

आज वर्तमानपत्रही नीट वाचलं गेलं नाही.

८ मार्च

मेहुण्याने फसवून नेलं. चला भाऊजी, चष्म्याचा नंबर तपासून घेऊ, मला पण घ्यायचाय, म्हणाला. चष्म्याच्या दुकानाच्या वर कानाचा दवाखाना. पायऱ्या चढल्यावर माझ्या लक्षात आलं, तोवर बायको वर बसलेली.

एका पेटीत बसवलं, फ्रिजपेक्षा थोडी मोठी. कानांवर हेडफोन. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. काचेपलीकडचा तरुण मान हलवतोय, कागदावर खुणा करतोय, आणि इकडे हेडफोन बंद. यंत्र चालूच केलं नव्हतं त्याने. बिचाऱ्याची नोकरी जाऊ नये म्हणून मी अंदाजाने अधूनमधून बटण दाबलं. मग त्याने कानामागच्या हाडावर एक बारकं यंत्र चिकटवलं. ते मात्र चालू होतं. खणखणीत शिट्ट्या, एकही सोडली नाही मी.

बाहेर येऊन मी त्याला स्पष्ट सांगितलं की तुमचं पहिलं यंत्र नादुरुस्त आहे, दुसरं उत्तम. तो बायकोकडे बघून काहीतरी बोलला. मग मला मोठ्याने म्हणाला, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. भिंतीवर श्रवणयंत्रांच्या जाहिराती लावलेल्या होत्या, त्यावरून हेतू कळला. बेअरिंगवाला बेअरिंग विकतो, कानवाला कान.

१२ मार्च

आज पोहण्याचा दिवस. मी ऑफिसात डोकेदुखीचं सांगून बाहेर पडलो आणि तलावाच्या रस्त्याला न जाता सरळ गॅरेज गाठलं. मिस्त्रीच्या आवारामागे जुन्या गोदामांचं रिकामं मैदान आहे. तिथल्या भिंतीआड उभा राहिलो. नोकरीत हे पुष्कळ केलंय. कंबर मोडलेले दावेदार क्रिकेट खेळताना पाहिलेत.

आत्याबाई मैदानात फिरत होत्या. सावकाश, पण ऐटीत. एक भलं मोठं वळण घेतलं, मागे आल्या, दोन पिंपांच्या मधून उलट्या आत शिरल्या. मला हे पिंपाचं कधी जमलेलं नाही. मिस्त्री शेजारच्या सीटवर हाताची घडी घालून बसला होता. ड्रायव्हरच्या सीटवर बायको. सीट पुढे ओढलेली.

मी भिंतीआडून बाहेर आलो. ती दचकली नाही. गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, खाली उतरली. इंजिन चालूच ठेवलं. मिस्त्रीला ती काय म्हणाली ते मला कळलं नाही, पण तो मान खाली घालून गॅरेजकडे निघून गेला. मी माझं भाषण सुरू केलं. विश्वासघात, मीटर, टॉवेल, सगळं क्रमाने. तिने ऐकून घेतलं. मग गाडीतून एक लांब स्क्रूड्रायव्हर काढला, बॉनेट उघडलं, टोक इंजिनाच्या अंगावर टेकवलं आणि मला बोटाने जवळ बोलावलं. मी वाकलो. तिने मुठीचा भाग माझ्या कानामागच्या हाडावर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने एक्सिलरेटरची तार ओढून सोडली.

ठक् ठक् ठक् ठक्.

बंद दारावर कुणी बुक्क्या मारत असावं तसं. मी मागे सरलो, तर गप्प. पुन्हा हाड टेकवलं, तर ठक् ठक्. तीन-चारदा केलं. मी पहिल्यांदा इंजिनाकडे पाहिलं, मग स्क्रूड्रायव्हरकडे. त्यात काही बसवलेलं नव्हतं.

तिने गाडी बंद केली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"इंजिनाचं विचारतोस की तुझं?" ती माझ्या अगदी समोर उभी राहून, तोंड दिसेल असं बोलत होती. "तुझं वर्ष झालं असेल. मी स्वयंपाकघरातून काही विचारायचे, तू उत्तर द्यायचा नाहीस. रात्री कुशीवर वळून काही बोलले तरी नाही. मला वाटलं, तुला आता माझ्याशी बोलायचंच नाहीये."

"मग विचारायचं नाही का?"

"विचारलं. त्याचंही उत्तर दिलं नाहीस."

मी गाडीचा विषय काढला. हे शिकायचं खूळ कधीपासून, म्हणालो. तर म्हणाली, तेव्हापासूनच. आधी एकटीच जायचं ठरवलं होतं तिने. तू निवृत्त होऊन घरात गप्प बसणार, तर मी आत्याबाईंना घेऊन किनाऱ्याने जाईन, मिस्त्रीकडून इंजिन नीट करून घेईन, असं. मुलीला सांगून ठेवलं होतं. त्या ट्रकच्या दिवशी, म्हणाली, हॉर्न इतका वाजत होता की तिने कानांवर हात ठेवले, आणि माझा चेहरा मात्र शांत, झोपलेल्या माणसासारखा. तेव्हा तिला कळलं.

हे सगळं सांगताना तिचे डोळे भरून आले होते. डिझेलचा धूर तिला सोसत नाही. तरी मी म्हणालो, उद्यापासून रुमाल बांधून शिकत जा.

१३ मार्च

झोप लागली नाही. वर्षभर शेजारी झोपलेलं माणूस बोलत होतं, आणि मला वाटत होतं घर छान शांत झालंय.

मिस्त्रीला फोन करून इंजिन बसवायला सांगितलं. नंबर मी स्वतः पुन्हा तपासणार आहे, तेही सांगितलं. तो म्हणाला, तपासा साहेब, ताईंनी कालच तपासलाय.

२२ मार्च

मोठे डॉक्टर म्हणतात, कानातली बारीक हाडं जखडली आहेत. ऑपरेशनने फरक पडेल. ऑपरेशन करणारा डॉक्टर दुसरं काय म्हणणार, असं मी बाहेर येऊन म्हणालो. बायकोने दुसऱ्या डॉक्टरची वेळ तिथल्या तिथे घेतली. तोही तेच म्हणाला. यावेळी मी वाद घातला नाही. तारीख घेतली, प्रवासानंतरची. तोवर एका कानात यंत्र घालायचं. दुसरा कान पुष्कळ वाईट, हा जरा बरा.

७ एप्रिल

उद्या निघायचं. आज नवीन इंजिनावर पहिली मोठी फेरी, गोदामांपासून हायवेपर्यंत आणि परत. बायको चालवत होती. इंजिनाबद्दल मला मत नाही, कारण ते कसं वाजतं हे तिलाच विचारावं लागतं. गोड वाजतंय म्हणते. तिच्या शब्दावर भरवसा ठेवायचा, दुसरा इलाज नाही. आणि तसा ठेवला तर पोटात फार दुखतही नाही, असं आज लक्षात आलं.

पण एक भानगड आहे. मी शेजारच्या सीटवर बसलो की माझा बरा कान खिडकीकडे येतो आणि बिघडलेला तिच्याकडे. हे मी तिला दाखवून दिलं. गाडी मी चालवली असती तर बरोबर उलटं झालं असतं, हेही सांगितलं. हा योगायोग मला पटत नाही.

ती हसली. म्हणाली, "मग काही बोलायचं असलं की मी गाडी बाजूला घेईन. थांबून बोलू."

तिचं वर्षभराचं साठलंय. या वेगाने पहिल्या दिवशी आम्ही शहराची हद्दसुद्धा ओलांडणार नाही.